टीव्हीच्या कपाटाचं काय करायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात ‘काळाच्या ओघात टिकणारी गृहसजावट’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



विषय मी निवडलेला नाही. सेक्रेटरींनी पत्रिका छापल्यावर मला फोन केला, ‘ताई, तुमचं नाव टाकलंय, विषय असा असा आहे.’ पत्रिकेवर नाव आलं की लग्नाला जावंच लागतं, तशी मी आले.

पण खरं सांगू का, हा विषय बोलायला मला जरा अवघड जातोय. आपण इथे राहायला आलो २००० साली. तेव्हा मी नुकतीच इंटिरिअरची कामं स्वतंत्रपणे घ्यायला लागले होते आणि पहिल्या तीन-चार वर्षांत याच सोसायटीतल्या अकरा फ्लॅटचं काम मी केलं. बारावा माझा स्वतःचा. म्हणजे आज पंगतीत बसलेल्या लोकांनाच पंचवीस वर्षांपूर्वीचा स्वयंपाक कसा झाला होता हे आचाऱ्यानं सांगायचं, असा हा प्रकार आहे.

म्हणून मी एक केलं. भाषण लिहायच्या आधी त्या अकरापैकी नऊ घरांत जाऊन आले. तुम्ही चहा दिलात, घर दाखवलंत, काहींनी मोकळेपणानं बोल लावलेत. आज जे सांगणार आहे ते पुस्तकातलं नाही, त्या नऊ घरांतलं आहे.

पहिली गोष्ट टीव्हीच्या कपाटाची. आठवतंय ना? तेव्हा टीव्ही म्हणजे पेटी होती, मागे पोट सुटलेली. एकवीस इंची टीव्ही ठेवायचा तर कपाट दोन फूट खोल लागायचं. मग त्याच्या शेजारी व्हीसीडी प्लेअरचा कप्पा, खाली कॅसेटी आणि सीड्यांचे खण, वर शोपीसची काचेची फडताळं, त्यात छोटे दिवे. हॉलची अख्खी भिंत मी त्यात घालायचे आणि लोक खूश व्हायचे. दहा वर्षांत चपटा टीव्ही आला आणि भिंतीवर टांगला गेला. कपाट राहिलं. नऊपैकी पाच घरांत ते अजून आहे! एका घरी त्यात इस्त्रीचे कपडे ठेवतात, एका घरी नातवाची खेळणी, आणि सी विंगमधल्या एका घरी टीव्हीच्या पोकळीत गणपती बसतो. दर वर्षी. त्या काकू म्हणाल्या, ‘तू केलेलं मखर आहे असं आम्ही समजतो.’

हसू नका, तुमच्याही घरी आहे. नसेल तर कॉम्प्युटरचं टेबल असेल, सरकत्या कीबोर्डच्या फळीचं. नाहीतर टेलिफोनसाठी भिंतीत बांधलेला कोनाडा असेल, खाली डिरेक्टरीला जागा ठेवलेला.

यातून मला एक गोष्ट उशिरा का होईना कळली. यंत्राच्या मापानं केलेलं फर्निचर यंत्राबरोबरच म्हातारं होतं. माणसाच्या मापानं केलेलं होत नाही. जेवायच्या टेबलाची उंची साधारण अडीच फूट, खुर्चीची बैठक दीड फूट. ही मापं माझ्या आजोबांच्या वेळी होती, आजही आहेत, कारण माणसाचा गुडघा तेवढाच आहे. कपडे टांगायच्या कपाटाला दोन फूट खोली लागते, कारण आपले खांदे तेवढे रुंद आहेत. ओट्याचंही तेच. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असला की पोळ्या लाटताना खांदे भरून येत नाहीत. बिल्डरनं सरसकट एकच उंची दिली होती, आणि आपल्यापैकी किती जणी गेली पंचवीस वर्षं वाकून किंवा चवड्यांवर उभ्या राहून लाटतायत ते मी या दौऱ्यात पाहिलं. टीव्हीचं माप मी तेव्हा टेपनं तीन-तीनदा घेतलं होतं. बाईचं कोपर एकदाही मोजलं नव्हतं.

आता चांगलंही सांगते. त्या नऊ घरांत काय टिकलं होतं? स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या मांडण्या, सगळ्या जशाच्या तशा. लोखंडी कपाटं. गोदरेजनं कपाटं करायला सुरुवात केली १९२३ साली. आपल्याकडच्या कपाटांतली काही तुमच्या लग्नातली आहेत, एखाददुसरं सासूबाईंच्या लग्नातलं. रंग दिला, कडी बदलली, की पुढची वीस वर्षं. एका घरी सागवानी देव्हारा गावाकडून आलेला. एका घरी गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्या, इराण्याच्या हॉटेलात असायच्या तशा.

त्या खुर्चीबद्दल थोडं सांगते, कारण मला ती फार आवडते. त्या घराण्याची मूळ खुर्ची टोनेट नावाच्या कारागिराच्या कारखान्यात १८५९ साली तयार झाली. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं. अख्खी खुर्ची सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नटांची. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती जगभर गेली. पण ती टिकली त्याचं कारण वेगळं आहे. बैठक फाटली तर फक्त बैठक बदलता येते. पाय हलायला लागला तर स्क्रू आवळता येतो. कुठलाही सुतार ती उघडून बघू शकतो.

उलट बाजूची गोष्ट चंदीगडची. नवी राजधानी बांधली तेव्हा, १९५०च्या दशकात, पिएर जानरे या वास्तुशिल्पकारानं सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे कचेऱ्यांना त्या जुनाट वाटायला लागल्या. वेत तुटलेल्या खुर्च्या गच्च्यांवर, अडगळीत पडल्या आणि भंगाराच्या भावात लिलावात गेल्या. त्याच खुर्च्या नंतर परदेशात लाखो रुपयांना विकल्या गेल्या. मी तेव्हा अशाच तीन वेताच्या खुर्च्या एका क्लायंटला भंगारवाल्याला द्यायला लावल्या होत्या. चंदीगडच्या नव्हत्या त्या, घाबरू नका काका! पण सागवान होतं आणि त्याच्या जागी मी जो सोफा दिला त्याचा आज मागमूस नाही.

तर टिकण्याचं गमक काय? माझ्या मते वस्तूचा रंग तिच्या अंगात आहे की कातडीवर, हे बघायचं. सागवानाला ओरखडा गेला तर रंधा मारा, पॉलिश करा, आतूनही तेच लाकूड निघतं. सनमायकाला ओरखडा गेला की खाली प्लाय दिसतो. प्लाय वाईट नाही. मी आयुष्यभर वापरला. पण घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३चा साधा प्लाय कोरड्या खोलीतल्या कपाटाला ठीक. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. तो बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायची पद्धत आहे. आणि भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड सिंकखाली म्हणजे पाण्याची वाट बघत बसलेला पापड. दोन घरांत मीच घातला होता, स्वस्त पडतो म्हणून. चार पावसाळ्यांत फुगला.

फरशीचं तर यापेक्षा स्पष्ट आहे. आपल्याला बिल्डरनं मोझॅक दिली होती, दहा बाय दहाची, करड्यावर पांढऱ्या खड्यांची. संगमरवराचे खडे सिमेंटात बसवलेले असतात. घासली की वरचा थर जातो आणि खाली पुन्हा तेच खडे. मुंबईतल्या जुन्या घरांमधल्या नक्षीच्या सिमेंट फरश्या, भारत टाइल्सवाले १९२२ पासून करतायत तशा, त्यांत नक्षीचा रंग भट्टीत भाजलेला नसतो. रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटर जाड थर दाबून बसवलेला असतो. शंभर वर्षं पायाखाली झिजली तरी नक्षी उरते. आपण २००१-०२च्या सुमारास काय केलं? सगळ्यांनी मोझॅक उखडली आणि चकचकीत फरशी घातली. सल्ला कोणाचा? माझाच. दोन घरांनी ऐकलं नाही, पैसे नव्हते म्हणून. त्यांनी मागच्या दिवाळीला मशीन लावून मोझॅकला पॉलिश करून घेतलं. जाऊन बघा एकदा. आपल्या सगळ्यांच्या फरश्यांपेक्षा तरुण दिसते.

आता माझ्या घरातली फरशी.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘फरशी चांगली आहे की गं. काय झालंय तिला?’ मी म्हटलं, आई, जुनी दिसते. आमच्याकडे पांढरी, आरशासारखी फरशी आली. येणारा प्रत्येक जण वा म्हणायचा. चौदा वर्षांनी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, आई बाथरूममधून ओल्या पायांनी बाहेर आल्या आणि पॅसेजमध्ये पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा चाकाची खुर्ची आणली, आणि ती बाथरूमच्या दारातून आत जाईना. आपल्या बाथरूमची दारं सव्वादोन फुटांची, चौकट वजा जाता हाताशी राहतात दोन फूट. खुर्चीला बत्तीस इंच मोकळे लागतात. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आम्ही दोघं उचलून नेत होतो. चार महिने. आई फार संकोची होत्या. त्या पाणी कमी प्यायला लागल्या, आपल्याला उचलायला लागू नये म्हणून. ते आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

फरशीमुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही. वय होतंच. पण ती फरशी मी निवडली होती, ते दार मी बघून तसंच सोडलं होतं, आणि त्याच पॅसेजमध्ये फ्रेम टांगायला भिंतीवर तीन सुंदर दिवे लावले होते. हाताला धरायला काही नव्हतं.

हे मी कधी कोणाशी बोलले नव्हते. आज बोलले, कारण गेल्या महिन्यात बघितलं तर आपल्या सोसायटीत निम्म्या घरांत आता सत्तरीच्या पुढचं कोणीतरी आहे. आपण इथे आलो तेव्हा मुलं सायकली शिकत होती. आता आपणच काठी शिकतोय. आणि बरीच घरं पुन्हा रिनोव्हेशन काढतायत.

तर त्याबद्दल थोडं कामाचं. फरशीला घसरणीचा नंबर असतो, आर ९ पासून आर १३ पर्यंत. बाथरूम आणि त्याच्या बाहेरचा पट्टा यांना आर १० किंवा ११ मागा. दुकानदार म्हणेल मॅट आहे, चालेल. मॅट म्हणजे दिसणं झालं, नंबर विचारा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर दार ढकलता येत नाही. धरायचे दांडे टाइल बसवतानाच लावून घ्या, भिंतीत भक्कम आधारावर. टॉवेल टांगायचा दांडा वेगळा, त्यावर वजन टाकू नका. हे सगळं म्हातारपणी करू असं म्हणू नका. ते दिसायला वाईटही नसतं आणि चाळिशीतल्या माणसाच्याही अंगाला साबण लागलेला असतोच.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची टूम आहे, तोडफोड नको म्हणून. चिकटवून बसवली तर वजन कमी पडतं. पण इंचभर माल घालून बसवली तर चौरस मीटरला ५० किलोंहून जास्त वजन वाढतं. तीनशे चौरस फुटांच्या हॉलला हिशेब करा, दीड ते दोन टन. स्लॅब पंचवीस वर्षांचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते कमिटी करतेच आहे. पण घरात काय चढवलंय ते आपण कमिटीला सांगतो का? भिंत हलवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, नंतर मला किंवा माझ्यासारखीला.

आता उजेडाकडे येते. खरं तर इथून सुरुवात करायला हवी होती. नऊपैकी सात घरांनी बाल्कनी आत घेतली आहे. जागा वाढली हे खरं, पण हॉलमध्ये दुपारी बाराला ट्यूब लागते. वर सरकत्या खिडक्या. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. सहा फुटांची खिडकी म्हणजे वाऱ्याला तीनच फूट. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, ए आणि बी विंगला तो हॉलमधून शिरून स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा. आठवतं का, पहिल्या वर्षी भर मे महिन्यात आपण संध्याकाळी पंखा बंद करायचो? तो वारा आपणच कोंडला. बाल्कनी परत मोकळी करा म्हटलं तर कोणी करणार नाही, मला माहीत आहे. पण खिडक्या बदलायची वेळ आली तर पूर्ण उघडणाऱ्या, बिजागरीच्या घ्या. आणि वर छज्जा असेल तर तो तोडू नका.

छताचंही तसंच. पीओपीचं खोटं छत, त्यात गोल भोकं, भोकांत दिवे. ते सीएफएल दिवे बंद झाले, भोकं उरली. आमच्याकडचं छत गेल्या वर्षी पाझरल्यामुळे काढावं लागलं. वर बघते तर स्लॅबमध्ये झोपाळ्याचे दोन हूक! बिल्डरनं प्रत्येक हॉलला दिले होते, नकाशातही आहेत. मीच ते झाकले होते. इंजिनिअरनं तपासून दिले आणि आम्ही झोपाळा लावला. हॉलमधली सगळ्यात भांडणाची जागा सध्या ती आहे.

सजावट करूच नका असं माझं म्हणणं आहे असं वाटेल. तसं नाही. फॅशन मला आवडते. मध्ये सगळी घरं करडी झाली होती. आता ‘वाड्याचा लूक’ आलाय, फायबरच्या महिरपी आणि एमडीएफचं तुळशीवृंदावन. माझं बालपण खऱ्या वाड्यात गेलं. तिथलं माजघर भरदिवसा काळोखं होतं आणि संडास चौकापलीकडे. त्यातलं घ्यायचं असेल तर कोनाडा घ्या, खुंटी घ्या, ओटीवर येणाऱ्याला टेकायला जी फळी असायची ती घ्या. चपला काढताना बसायला दारापाशी जागा आपल्या एकाही घरात नाही. महिरप हवी असेल तर पडद्यावर छापून मिळते, कंटाळा आला की पडदा बदलता येतो.

मी आता कामं घेते तेव्हा एवढंच बघते, की जे बदलायला सुतार, गवंडी आणि तीन आठवड्यांची धूळ लागेल ते साधं ठेवायचं. फरशी, भिंत, खिडकी, ओटा, वायरिंग. पैसा तिथे घालायचा आणि चांगलं घ्यायचं. जे रविवारी दुपारी दोघांनी मिळून बदलता येतं, पडदे, उशा, दिव्याची शेड, एका भिंतीचा रंग, तिथे हवी ती मजा करा. मुलगी हट्ट करते जांभळ्या भिंतीचा, द्या तिला जांभळी भिंत. डबाभर रंग आहे तो. आणि फर्निचर शक्यतो सुटं. भिंतीला ठोकलेलं कपाट मुलाबरोबर दुसऱ्या घरी जाऊ शकत नाही, आणि उद्या कोणाची कॉट हॉलमध्ये आणायची वेळ आली तर सरकूही शकत नाही.

पुढेमागे रिडेव्हलपमेंट होईल, मग आत्ता कशाला खर्च, असंही काही जण म्हणाले. होईल तेव्हा होईल. मोझॅक पॉलिशला आणि बाथरूमच्या दाराला तेवढं थांबू नका.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. चहाबरोबर प्रश्न विचारा, पण ‘टीव्हीच्या कपाटाचं काय करायचं’ हा प्रश्न नऊ ठिकाणी विचारून झालाय. चौकटीचं लाकूड चांगलं असेल तर मधल्या फळ्या काढून पुस्तकांना करून घ्या, नाहीतर गणपती आहेच.

एक निरोप. बाथरूमचं दार उलट फिरवून बाहेर उघडतं करायला माझा सुतार पुढच्या सोमवारपासून आठवडाभर आपल्याकडे येणार आहे. चौकट ठीक असेल तर एका दाराला अर्धा दिवस लागतो. त्या अकरा घरांकडून मी माझी फी घेणार नाही, सुताराची मजुरी मात्र तुम्ही द्यायची. ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. पहिला नंबर मी आमचाच लिहिला आहे, कारण आमचं दार अजून आतच उघडतं.